एका हिवाळ्यापुरता देशमुख

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही, घरी बायकोलाही नाही. मधू साळवेचं आडनाव मी एकदा बदललं होतं. त्याला न विचारता, त्याच्यासमोर उभं राहून. ते खोटं आडनाव अख्खा हिवाळा टिकलं. ज्या घरात मी ते सांगितलं, त्या घरात ते आजही टिकून आहे. मधू मात्र आता नाही.

हे आधीच लिहून टाकलं, कारण मी मुळात कमी बोलणारा माणूस. मधूबद्दल लिहायला बसलो की हसू येणार, आणि हसता हसता नेमकं हेच सांगायचं राहून जाणार. तो जिवंत असतानाही माझं असंच झालं.

मधूला मी पहिल्यांदा पाहिलं ते कारखान्याच्या गेटवर. कोपरगावच्या बाजूला, गोदावरीच्या पट्ट्यातला साखर कारखाना. गळीत हंगाम नुकताच सुरू झालेला, गेटबाहेर उसाच्या बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग, हवेत मळीचा आंबूस वास. मी टाइम ऑफिसात कामाला होतो. सकाळच्या पाळीची माणसं येत होती, आणि त्यांच्यातून एक उंच, काटक गडी सायकल हाताला धरून पळत येत होता. सायकलवर बसून नव्हे, तिच्या शेजारून. डबा हॅंडलला, चपला कॅरिअरला.

"पंक्चर का हो?" मी विचारलं.

"न्हाई," तो धापा न टाकता म्हणाला, "आज तिला सुट्टी हाय."

हा प्रयोगशाळेतला नवा केमिस्ट, मधुकर साळवे. एक दिवस तो सायकलवर बसून यायचा, दुसऱ्या दिवशी तिला शेजारून पळवत आणायचा. दोघांना सारखं काम पडलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. संगमनेरच्या कॉलेजातून बी.एस्सी. झालेला, वाचणारा, बुद्धिबळ खेळणारा. पण गमतीत असला की अस्सल गावाकडचं बोलायचा, 'हाय' आणि 'न्हाई' आणि 'लई'. मनातून गंभीर झाला की एकदम पाठ्यपुस्तकासारखं शुद्ध बोलायला लागायचा. आम्हां मित्रांना ती खूण ठाऊक झाली होती. मधू शुद्ध बोलायला लागला की सावरून बसायचं.

त्याची म्हणून काही वाक्यं होती, त्यानंच घडवलेली. "शरीराला विचारू नये, नुसतं कळवावं," हे पहिलं. दुसरं, "दमलो म्हणू नये, तापलो म्हणावं." कँटीनच्या आचाऱ्यानंसुद्धा ते उचललं होतं. चहा उशिरा आला आणि कुणी ओरडलं की तो आतून म्हणायचा, "अजून कळवलंय, तापला न्हाई."

नव्वदच्या दशकातला मधला काळ होता. त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास मधू माझ्या खिडकीशी आला आणि टेबलावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. फेब्रुवारीच्या शेवटी जिल्ह्यातल्याच एका धरणावर शर्यत होती. आधी पोहायचं, ओल्या अंगानं सायकलवर बसायचं, सायकल टाकली की पळायचं. पोहणं दोन किलोमीटर, सायकल नव्वद, पळणं वीसच्या वर. मध्ये थांबायचं नाही.

"एकाच दिवशी?" मी विचारलं.

"एकाच माणसानं," तो म्हणाला. "तू आन मी."

"मी कशाला?"

"निकम, तुझं पोट आता मस्टरवर वेगळं मांडावं लागतंय. त्याची आन तुझी हजेरी एकदम लागत न्हाई."

मी हसून टाळलं. मग तो शुद्ध बोलायला लागला. "आमच्या घरात दम लागेपर्यंत काम प्रत्येकानं केलेलं आहे. आजोबांनी केलं, वडिलांनी केलं. कुणी टाळी वाजवली नाही. तिथं शर्यत संपवणाऱ्याचं नाव कर्ण्यावरून पुकारतात म्हणे. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. मला एकदा दम लागायला हवा आणि ते नाव ऐकायला हवं. एवढंच आहे."

एवढंच होतं. मी हो म्हणालो.

पळायला रस्ते होते, सायकली होत्या. अडचण होती पाण्याची. मधू लहानपणी म्हशीचं शेपूट धरून गोदावरीत पोहायला शिकलेला. पण हिवाळ्यात नदी उतरलेली, डबक्याडबक्यांत साचलेली, आणि पाणी असं गार की पाय घातला तर पायच सापडू नये. पाटाला पाणी सुटायचं ते पाळीपाळीनं. तेव्हा मला बापूकाकांची विहीर आठवली. बापूकाका म्हणजे माझे धाकटे चुलते, वस्तीवर राहणारे. त्यांची विहीर दगडी बांधणीची, आमच्या भागात तेवढी रुंद दुसरी नव्हती. आणि विहिरीचं पाणी थंडीच्या पहाटे कोमट असतं, हे कुणाही पोहणाऱ्याला सांगावं लागत नाही.

पहिल्या सकाळी आम्ही वस्तीवर पोचलो तेव्हा विहिरीतून वाफा वर येत होत्या. काका मफलर गुंडाळून, दुधाची चरवी घेऊन गोठ्यातून बाहेर आले. मधू सायकल बाभळीला टेकवत होता.

"हे पाव्हणं कोन?"

"आमच्या कारखान्यातले केमिस्ट."

"ते झालं. आडनाव काय?"

आमच्याकडे हा प्रश्न चहा घेता का, इतक्या सहज विचारतात. मीही आयुष्यभर विचारत आलो होतो. काकांच्या घराच्या मागच्या पडवीत, वळचणीला खोचलेला एक वेगळा कप मी लहानपणापासून पाहिलेला होता. तो कुणासाठी हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पण माहीत होतं. तो कप अजून तिथं आहे का, हे मी कितीतरी वर्षांत पाहिलेलं नव्हतं. त्या सकाळीही पाहिलं नाही.

"देशमुख," मी म्हणालो.

मधूचा हात सायकलच्या सीटवर तसाच राहिला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग विहिरीकडे पाहिलं. त्या वाफांकडे तो जरा जास्तच वेळ बघत होता. मला वाटलं, सायकल वळवून निघून जाईल, आणि जावं असं मला वाटत होतं की नाही हे मला आजही सांगता येत नाही.

"नमस्कार काका," तो म्हणाला. "पानी गरम दिसतंय."

"उतरा की मंग, देशमुख. घरचीच हाय."

परतीच्या वाटेवर मी त्याच्या मागे मागे सायकल ठेवून होतो. तो भांडेल, शिव्या देईल, याची वाट बघत होतो. कारखान्याची चिमणी दिसायला लागल्यावर त्यानं मला शेजारी येऊ दिलं.

"एकदम देशमुख?" तो म्हणाला. "अरं, जाधव म्हनायचंस, मोरे म्हनायचंस. आमच्यातबी हायेत. खोटं निम्म्यावर आलं असतं. एका झटक्यात देशमुख! एवढी बढती द्यायची तर लॅबमधी दे की."

मी हसलो. मोठ्यानं हसलो, हॅंडल हलेपर्यंत. त्यानं मला हसायला जागा दिली आणि मी ती पूर्ण वापरली. माफी मागायला जी जागा होती ती तिथंच मागे राहिली.

तरीही तो हिवाळा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत आनंदाचा हिवाळा होता, आणि हे लिहिताना मला लपवायचं काही नाही. हंगामात कारखाना रात्रंदिवस चालतो. मधूची पाळी बदलेल तसं आमचं वेळापत्रक बदलायचं. पळायला आम्ही पाटाच्या कडेनं जायचो. कानटोप्या, स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट. त्या काळी आमच्या रस्त्यावर मोठ्या माणसानं पळायचं म्हणजे काहीतरी झालेलं असायचं. ऊस घेऊन निघालेला गाडीवान हटकून बैल थांबवायचा. "गाडी चुकली का काय? बसा की मागं." नको म्हटलं की त्याला वाईट वाटायचं. एकदा एक धोतरवाला म्हातारा आमच्या बरोबरीनं बराच पल्ला पळाला. शेवटी दम खात विचारतो, "कुनाचा फड पेटलाय?" मधूनं त्याला बांधावर बसवलं, आमच्या पळण्याचं कारण सांगितलं. म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आन हे घरी ठाऊक हाय का?"

सायकली आमच्या साध्या, काळ्या. आम्ही त्यांचे मडगार्ड, कॅरिअर, स्टँड, घंटी, सगळं काढून टाकलं. वजन कमी व्हावं म्हणून मधूनं तेवढ्यावर न थांबता स्वतःच्या मिशाही काढल्या. संगमनेरच्या रस्त्याला लागलं की चढावर उसाचे ट्रॅक्टर लागायचे, ट्रॉलीतून कांड्या खाली लोंबत असायच्या. मधू पाठीमागून जाऊन चालत्या ट्रॉलीतलं एक कांडं ओढून घ्यायचा, दातांनी सोलायचा, चावायचा, आणि केमिस्टच्या आवाजात निकाल द्यायचा. "अजून पंधरवडा उभा पाहिजे होता. घाई केली गड्यांनी." ड्रायव्हर मागे बघून शिव्या द्यायचा. मधू उसाच्या कांडक्यानंच त्याला सलाम ठोकायचा.

आणि विहीर. गोल विहिरीत लांब पोहायचं कसं, हा प्रश्न आम्ही सोडवला होता. कडेकडेनं, भिंतीला धरून, गोल. एकामागे एक. डावीकडे वळत, डावीकडे वळत. वरून काका मोटारीच्या कट्ट्यावर बसून बिडी ओढत बघायचे.

"आमच्या बैलानं मोट सोडली त्याला किती वर्सं झाली," ते ओरडायचे, "आता ही दोन नवी जुपली."

काकू वरून डोकावायची. "अहो देशमुख, एवढं शिकून हे काय वो? आमच्या गड्याला सांगितलं असतं तर त्यानं कवाच कडंला लावलं असतं तुमाला."

"काकू, कडंलाच हाय मी," खालून मधूचा आवाज घुमायचा. "कड सोडली तर तुमचा पुतन्या रडतो."

काकांचा त्याच्यावर जीव जडत गेला. पहिले पेरू त्याला, हुरड्याचं पहिलं कणीस त्याला. मोटारीचा स्टार्टर बिघडला की मधू ओल्या अंगानं हात लावायला जायचा आणि काका ओरडून त्याला मागे ओढायचे. मुलीच्या स्थळाबद्दलसुद्धा त्यांनी मधूचाच सल्ला घेतला, माझा नाही. आणि प्रत्येक वेळी 'देशमुख'. प्रत्येक वेळी मधू 'जी' म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी मी पेरू खाण्यात, पाय पुसण्यात, कशाततरी गुंतलेला असायचो. जितका काकांचा जीव जडला तितकं खरं सांगणं सोपं व्हायला हवं होतं. मला ते अवघड होत गेलं.

शर्यतीच्या आदल्या आठवड्यात काकांनी जाहीर केलं, "ट्रॉली लावतो ट्रॅक्टरला. सगळी वस्ती आनतो. देशमुखाला आरडून आरडून पळवतो."

कर्ण्यावरून पूर्ण नाव पुकारणार, आणि खाली काका उभे असणार.

दुसऱ्या दिवशी दुपारी कँटीनमध्ये मी मधूसमोर बसलो. मग मी जे म्हणालो ते असं: "नाव देताना नुसतं मधुकर दे. आडनाव कशाला लागतंय? नंबर असतोच की छातीवर."

मधूनं घास खाली ठेवला.

"निकम, माझ्या वडिलांनी गाव सोडलं, गावकीचं काम सोडलं, घरातले देव सोडले," तो शुद्ध, सावकाश बोलत होता. "ताठ मानेनं नाव सांगता यावं म्हणून सोडले. हिवाळाभर मी तुझा देशमुख झालो. पाणी चांगलं होतं, काकूंचा चहा चांगला होता, आणि तू मला आवडतोस. पण त्या दिवशी मी सकाळपासून दुपारपर्यंत दम काढणार आहे. तो साळव्याचा दम आहे. तो देशमुखांच्या नावावर जमा होणार नाही."

मी मान खाली घातली. त्यानं माझ्या ताटातलं लोणचं उचललं.

"आन काकाची काळजी तू करू नको," तो पुन्हा आपल्या बोलीवर आला. "तुझा काका मला लई आवडतो. तुला मात्र त्याची वळखच न्हाई."

शर्यतीच्या सकाळी आम्ही दुधाच्या टेम्पोतून धरणावर निघालो. सायकली कॅनवर बांधलेल्या. टेम्पोवाला काकांच्याच वस्तीवरून दूध उचलून आलेला. मी बसता बसता तो म्हणाला, "बापू काय येत न्हाईत बरं का. त्यांची तोड आली पहाटं. टोळी फडात उतरली. आता ऊस टाकून कसं येतील?"

ज्यांचा ऊस आहे त्यांना हे सांगायला नको. महिनाभर वाट बघावी आणि तोडणीची टोळी यावी ती नेमक्या नको त्या दिवशी. काका हळहळले असतील. मी मात्र मोठा श्वास सोडला. इतका मोठा की तो मलाच ऐकू आला.

शेजारी बसलेल्या मधूनं माझ्याकडे वळून पाहिलं.

"हलकं वाटलं ना?" त्यानं विचारलं. शुद्ध.

मी सायकलीची दोरी उगाच पुन्हा आवळली. तो कॅनवर बोटांनी ठेका धरून बसला.

धरणाचं पाणी बर्फासारखं होतं. शहरांतून आलेली पोरं चकचकीत चड्ड्या आणि चष्मे घालून उभी होती. आम्ही आमच्या पट्ट्यापट्ट्यांच्या चड्ड्यांत. पाण्यावर लांब लांब तांबडी पिंपं सोडलेली, त्यांना वळसा घालून परत यायचं. शिट्टी झाली, सगळे पाण्यात पडले.

आणि मग ते झालं, जे फक्त आमचंच होऊ शकतं. हिवाळाभर आम्ही गोल पोहलो होतो, डावीकडे वळत. आता भिंत नव्हती, पण अंगाला ते कुठं माहीत? मी मान खाली घालून जोर लावला, बराच वेळ लावला, डोकं वर काढलं तर पिंप उजव्या हाताला दूर, आणि समोर बाभळीचं बन. बाकीचे पोहणारे बारीक ठिपके झालेले. आणि माझ्या पुढे, त्याच बाभळीच्या दिशेनं, तितक्याच निष्ठेनं चाललेला मधू.

नावेतला माणूस वल्हं आपटून ओरडत होता. "ओ नंबरवाले! तिकडं कुटं निघाले? तिकडं गाव हाय!"

मधू थांबला, पाण्यात उभा राहिला, आजूबाजूला बघितलं. त्याच्या लक्षात आलं. आणि तो हसायला लागला. नाकातोंडात पाणी जाईतो हसला. "निकम," त्यानं ओरडून सांगितलं, "आपन इथंबी काकाची विहीर काढतोय रं!" नाववाल्यालाही काही कळेना, दोन माणसं शर्यत सोडून धरणात हसत का बसलीत. मग मधूनं शोध लावला. थोडं पोहायचं, डोकं वर काढायचं, उजवीकडे फिरायचं, पुन्हा पोहायचं. करवतीच्या दातांसारखे आम्ही कसेबसे काठाला लागलो. आमच्यामागे पाण्यात कुणीच उरलं नव्हतं, नाववाला सोडून.

सायकलवर मात्र मधूनं पोरांना गाठायला सुरुवात केली. चढ आला की त्याला माणसं सापडायची. मी मागे पडलो. पळायचं ते एकाच रस्त्यानं जाऊन-येऊन फेऱ्या मारत. उन्हानं माझ्या पोटऱ्यांत गोळे आले, मी चालायला लागलो, बसलो, पुन्हा चाललो. मधू परतीच्या वाटेवर समोरून आला, कपाळावर मिठाच्या रेघा, आणि मला बघून थांबला नाही. नुसतं ओरडला, "विचारू नको त्याला, कळव!"

अखेर माझी एक फेरी उरलेली असताना मी टोकाच्या वळणावर आलो, तेव्हा तो शर्यत संपवून पोचत होता. कर्णा खरखरला आणि मी ते स्पष्ट ऐकलं. "मधुकर लक्ष्मण साळवे, कोपरगाव!"

लोक टाळ्या वाजवत होते. मधूनं दोन्ही हात वर केले, वाकला, गुडघे धरले. मग सरळ होऊन तो घोषणा करणाऱ्याच्या टेबलाकडे गेला.

"साहेब, एकदा परत घ्या की नाव. वाऱ्यानं नीट आलं न्हाई."

वारा नव्हता. तो माणूस भला होता, हसला, त्यानं पुन्हा पुकारलं, या वेळी आणखी मोठ्यानं. मधू डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकत होता. त्याच्या त्या चेहऱ्याइतका पुरता सुखी चेहरा मी त्यानंतर पाहिलेला नाही. आणि मी मागून लंगडत येत असताना माझ्या मनात त्या क्षणीही होतं ते हेच, की बरं झालं काका आले नाहीत.

मधू त्यानंतर विहिरीवर आला नाही. आमची मैत्री होती तशीच राहिली, चहा, बुद्धिबळ, एकमेकांच्या घरी जाणंयेणं, सगळं. पुढच्या हिवाळ्यात मी विचारलं, चलतोस ना वस्तीवर? तर म्हणाला, "मी आता पाटात पोहणार. पाटाचं पानी गार हाय, पन सरळ हाय." आणि खरंच पाटाला पाणी असेल तेव्हा तो पाटात पोहायचा. कॉलनीतल्या अर्ध्या पोरांना त्यानं तिथं पोहायला शिकवलं, स्वतःच्या मुलीला, सुजाताला, सगळ्यांत आधी.

काकांनी मला विचारलं, देशमुख का येत नाहीत? मी सांगितलं, बदली झाली. पहिलं खोटं घाबरून बोललो होतो, हे दुसरं सवयीनं.

कधीतरी, बऱ्याच वर्षांनी, मधूनं आपण होऊन तो विषय काढला. आम्ही त्याच्या अंगणात बसलो होतो. "त्या पहिल्या सकाळी मी सायकल वळवणारच होतो," तो म्हणाला. "मग तुझं तोंड बघितलं. विहिरीत न उतरताच तू गटांगळ्या खात होतास. म्हटलं, आधी याला बाहेर काढू." आणि हसला. मी तेव्हाही हसलो. त्या दिवशी अंगणात आम्ही दोघंच होतो, बोलायला पूर्ण संध्याकाळ होती, आणि मी त्याला एवढंसुद्धा म्हणालो नाही की मधू, माझं चुकलं.

दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात तो थोड्याशा आजारानं गेला. शेवटपर्यंत काटक, शेवटपर्यंत नर्सला "तापलोय, दमलो न्हाई" म्हणणारा. शोकसभेत कारखान्यातले जुने लोक बोलले. मला बोलवत नव्हतं, पण उभा राहिलो आणि धरणावरची गंमत सांगितली. लोक रडता रडता हसले. विहीर कुणाची होती, ते मी सांगितलं. तिथं मधूला काय नावानं हाक मारत, ते सांगितलं नाही.

सभा संपल्यावर सुजाता माझ्याजवळ आली. ती आता संगमनेरला कॉलेजात शिकवते, बापासारखीच उंच आहे. म्हणाली, "काका, बाबा त्या विहिरीबद्दल इतकं बोलायचे. थंडीत वाफा निघतात, काकू चहा देतात, ते आजोबा कट्ट्यावर बसून चिडवतात. असं गरम पाणी पुन्हा मिळालं नाही म्हणायचे. मला एकदा पोहायचंय तिथं. न्याल का?"

मी न्यायचं कबूल केलं. तिला बापानं सगळं सांगितलं होतं, तेवढं एक सोडून. ते त्यानं माझ्यासाठी झाकून ठेवलं होतं.

काका आता थकलेत, पण गोठ्यापुढच्या बाजेवर बसून असतात. येणाऱ्याजाणाऱ्याला अजून आडनाव विचारतात. मी गेलो की मध्येच म्हणतात, "आपले देशमुख कुटं असत्याल रं आता? लई मोठ्या मनाचा मानूस." खरं नाव ऐकून त्यांनी तेव्हा काय केलं असतं, मला माहीत नाही. कदाचित म्हणाले असते, उतरा की, घरचीच हाय. मी मधूचं नाव काढून घेतलं तसं काकांच्या तोंडचं हे उत्तरही काढून घेतलं.

दोन हिवाळे येऊन गेले. सुजाताचा फोन येतो, ती आठवण करून देत नाही, मलाच कळतं. मला तिला त्या वस्तीवर न्यायचं आहे. काका विचारतील तेव्हा सांगायचं आहे, की ही सुजाता मधुकर साळवे, तुम्ही ज्यांना देशमुख म्हणत होता ते हिचे वडील, ते साळवे होते, आणि ते खोटं आडनाव माझं होतं, त्यांचं नव्हे. हे तिच्यादेखत सांगायचं आहे. एवढं मी मधूचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.